एकसारखी चाल : भोर-वेल्ह्यातल्या लॅपटॉपसाठी

प्रस्तावना

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत येणारे बरेचसे लॅपटॉप नवे नसतात. पुण्या-हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये तीन-चार वर्षे राबून निघालेली यंत्रे झाडूनपुसून, बॅटरी बदलून पुन्हा बाजारात येतात. तिथून ती कॉलेजच्या मुलाकडे, सेवा केंद्राच्या टेबलावर, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या फोटोग्राफरकडे किंवा गावच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या तरुणाकडे पोचतात. यंत्र मुळात भक्कम असते. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे ते झपाट्याने चालते. मग पंखा घोंघावू लागतो, तळहाताखालची पट्टी तापते, व्हिडिओ अडखळतो, आवाजात कडकड येते. मालक म्हणतो, ‘हँग होतोय.’ दुकानदार रॅम वाढवायला सांगतो. रॅम वाढते, पैसे जातात आणि एप्रिलच्या दुपारी तोच प्रकार पुन्हा घडतो.

ही पुस्तिका त्या दुपारसाठी लिहिलेली आहे. लॅपटॉप जास्तीत जास्त किती वेगाने पळू शकतो, हा तिचा विषय नाही. तासभर काम चालले तर साठाव्या मिनिटालाही तो पहिल्या मिनिटासारखाच चालेल का, आणि ज्या क्षणी उत्तर हवे त्या क्षणी ते देईल का, हे दोन प्रश्न तिने हाती घेतले आहेत. प्रश्न जोडीने विचारले जातात, पण त्यांची उत्तरे अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांनी ही ओढाताण फारशी उलगडलेली नाही, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी उष्णतेचा हिशोब. चिपमध्ये खर्च होणारी वीज साधारणपणे विजेच्या दाबाच्या (व्होल्टेजच्या) वर्गाच्या आणि गतीच्या प्रमाणात वाढते. गती दहा टक्के कमी केली आणि तिच्याबरोबर विजेचा दाबही दहा टक्के उतरला, तर ०.९ चा घन म्हणजे सुमारे ०.७३ उरतो. गतीत दहा टक्के सोडले आणि उष्णतेत सत्तावीस टक्के वाचले. प्रत्यक्ष चिपमध्ये हा आकडा इतका नेटका येत नाही, कारण स्वस्थ बसलेली चिपही थोडी वीज गळू देते. पण वरच्या टोकाची शेवटची झेप फार महाग असते, हे यातून स्पष्ट दिसते. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान होतील तसा त्यांचा दाबही उतरवता येईल आणि तेवढ्याच जागेतली उष्णता वाढणार नाही. सुमारे २००५ पर्यंत हे जमले. मग दाब उतरणे थांबले, आणि तेव्हापासून चिपचे सगळे भाग एकाच वेळी पूर्ण गतीने चालवणे उष्णतेमुळे परवडेनासे झाले. २००० च्या सुमारास इंटेलचे स्पीडस्टेप आणि एएमडीचे पॉवरनाऊ लॅपटॉपमध्ये आले ते बॅटरी वाचवण्यासाठी. गती आणि दाब कमी-जास्त करण्याची तीच युक्ती पुढे चिप जळू नये म्हणून अपरिहार्य झाली.

उदाहरण म्हणून २०१७ मधला कोअर आय५-८२५०यू घेऊ. वापरलेल्या लॅपटॉपांच्या बाजारात तो आजही भरपूर दिसतो. चार गाभे (कोअर), मूळ गती १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो गती ३.४ गिगाहर्ट्झ, आणि उष्णतेची मर्यादा १५ वॅट. जाहिरातीत छापला जातो तो ३.४ चा आकडा. पण १५ वॅट आणि ३.४ गिगाहर्ट्झ ही दोन वचने चारही गाभे राबत असताना एकत्र पाळता येत नाहीत. म्हणून चिप दोन मर्यादा बाळगते, एक थोड्या वेळाची मोठी आणि दुसरी कायमची लहान. मोठ्या मर्यादेची मुदत इंटेलच्या अनेक लॅपटॉप-चिपांत २८ सेकंदांच्या आसपास ठेवलेली असते, मात्र लॅपटॉप बनवणारी कंपनी ती बदलू शकते. दुकानात यंत्र उघडून, चार खिडक्या चाळून आपण ‘फास्ट आहे’ म्हणतो, तेव्हा आपण त्या मुदतीच्या आत असतो. खरे यंत्र त्यानंतर दिसते.

इथे भोर-वेल्ह्याचे हवामान मध्ये येते. पंखा आणि तांब्याची नळी उष्णता बाहेर टाकतात ती आतल्या पट्ट्या आणि बाहेरची हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकावर. पट्ट्या ७५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक पन्नासचा. पत्र्याच्या छपराखाली तीच खोली ४० अंशांवर गेली तर फरक उरतो पस्तीसचा. म्हणजे तोच पंखा, तेवढाच फिरून, सुमारे तीस टक्के कमी उष्णता बाहेर नेतो. कंपन्यांच्या वातानुकूलित दालनात चार वर्षे कुरकुर न करणारे यंत्र नसरापूरच्या पेठेत किंवा आंबवड्याच्या घरात आल्यावर लगेच गळाठते, त्यात त्याचा दोष नाही. जुलैत उलट परिस्थिती. केळद, पासली, हिर्डोशी या घाटमाथ्यालगतच्या गावांत पाऊस लागला की हवा गार असते, पण दमटपणा जाळीतल्या धुळीचा लगदा करतो आणि वीज जाते-येते. वीज गेली की लॅपटॉप आपणहून बॅटरीच्या नियमांवर जातो. मर्यादा खाली येतात, गाभे लवकर झोपवले जातात, आणि चालू काम मध्येच अडखळते. भाताची मळणी सुरू झाली की तूस आणि बारीक धूळ घरभर होते, आणि पंख्याची जाळी महिनाभरात बुजू शकते.

म्हणून या पुस्तिकेचे पहिले प्रकरण प्रोसेसरच्या एकाही सेटिंगला हात लावत नाही. जाळी साफ करणे, सुकलेली थर्मल पेस्ट बदलणे, यंत्र गादीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवणे, योग्य क्षमतेचा चार्जर वापरणे, एवढेच त्यात आहे. चार्जरची गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही लॅपटॉप अनोळखी किंवा कमी वॅटचा चार्जर लावला की प्रोसेसरची गती गुपचूप दाबून ठेवतात. यंत्र गरम नसते, पंखा शांत असतो, तरी कामाला वेग नसतो. अशा वेळी सेटिंग्ज उलटसुलट करण्यात दिवस जातो आणि कारण भिंतीवरच्या खटक्यापाशी असते.

साफसफाईनंतर मोजणी. वीस मिनिटे खरे काम द्यावे आणि गती, तापमान, वॅट हे तीन आकडे पाहत राहावे. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो, लिनक्सवर टर्बोस्टॅट ही त्यासाठीची साधने. आकडे करवतीच्या दातांसारखे वरखाली होत असतील, ३.२ वर उडी, मग १.३ वर घसरण, पुन्हा उडी, तर यंत्र आपल्या उष्णतेशी झटापट करते आहे. त्याला वरची मर्यादा घालून द्यावी. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती शंभरावरून नव्व्याण्णव टक्क्यांवर आणली की बहुतेक यंत्रांत टर्बो बंद होतो. काही नव्या यंत्रांत हा पर्याय दडवलेला असतो. तो उघड कसा करायचा हे तिसऱ्या प्रकरणात आहे. लिनक्सवर इंटेलच्या चिपसाठी टर्बो बंद करण्याची एक साधी नोंद असते, आणि कमाल गती हवी तिथे बांधताही येते. टर्बो पूर्ण बंद केला तर आपला आय५ १.६ वर येऊन बसतो, आणि ते व्हिडिओच्या कामाला कमी पडते. म्हणून पुस्तिकेच्या लेखकांनी मधला मार्ग सुचवला आहे: २.२, २.४, २.६ अशा पायऱ्यांनी गती बांधत जावी आणि जिथे वीस मिनिटांत आकडा हलत नाही ती पायरी धरावी. हे मला पूर्ण पटते. व्हिडिओ तयार व्हायला लागणारा एकूण वेळ अनेकदा फारसा वाढत नाही. पंखा शांत राहतो, आणि काम कधी संपेल ते आधी सांगता येते.

भोरकरांना हे वेगळे समजावायला नको. वेळवंडीवरचे भाटघर धरण शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात उभे राहिले ते नेमके याच कारणासाठी. सह्याद्रीवर चार महिने कोसळणारे पाणी पूर म्हणून वाहून गेले असते. ते अडवून नीरेच्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या शेतीला आवर्तनांत सोडले. धरण भरले की स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि विसर्गाचा आकडा वर्तमानपत्रांत झळकतो, पण उसाला त्या आकड्याचा उपयोग नसतो. त्याला मार्चमध्ये, ठरल्या दिवशी, ठरलेले पाणी हवे असते. लॅपटॉपच्या टर्बोचा आकडा हा असाच विसर्गाचा आकडा आहे.

आता दुसरा प्रश्न, वेळेवर उत्तर देण्याचा. तो सगळ्यात तीव्रपणे भेटतो ध्वनिमुद्रणात, आणि म्हणून पुस्तिकेचा मोठा भाग त्याला दिला आहे. गावोगावच्या भजनी मंडळांचे, कीर्तनांचे, जागरण-गोंधळाचे मुद्रण आता घरच्या घरी होऊ लागले आहे. एक माइक, एक छोटी ऑडिओ पेटी (इंटरफेस), एक लॅपटॉप. गायक कानाला हेडफोन लावून आपलाच आवाज ऐकत गातो. तो आवाज माइकपासून संगणकात जाऊन परत कानात येईपर्यंत लागणारा वेळ म्हणजे विलंब, लेटन्सी. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही. तो नमुन्यांचे लहान लहान गठ्ठे करतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल, तर एक गठ्ठा ५.३ मिलिसेकंदांचा. येताना एक, जाताना एक, वर पेटीतल्या रूपांतराचा वेळ, असे मिळून बारा-पंधरा मिलिसेकंद होतात. गठ्ठा १०२४ चा ठेवला तर हाच वेळ चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि गायकाचा ताल सुटू लागतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरही नाही. देवळाच्या मंडपात समोरच्या पखवाजाची थाप वादकांना तेवढ्या उशिराने ऐकू येतच असते आणि त्यांना ती सवयीची असते. चाळीस मिलिसेकंद म्हणजे पखवाज चौदा मीटरवर, मंडपाच्या बाहेर बसलेला.

मग गठ्ठा लहानच का ठेवू नये? कारण गठ्ठा जितका लहान तितकी प्रोसेसरची मुदत कडक. २५६ च्या गठ्ठ्यात त्याने दर ५.३ मिलिसेकंदांनी पुढचा गठ्ठा तयार ठेवलाच पाहिजे. सरासरीने त्याला यासाठी एक मिलिसेकंद पुरत असेल, पण तासाभरात एकदाच, वायफायच्या ड्रायव्हरने किंवा बॅटरी तपासणाऱ्या एखाद्या नित्यकामाने त्याला आठ मिलिसेकंद अडकवले, तर त्या जागी कडकड उमटते आणि अभंगाची ती ओळ फुकट जाते. टास्क मॅनेजर तेव्हाही वीस टक्केच वापर दाखवत असतो, आणि इथेच लोक फसतात. या कामात सरासरी काही सांगत नाही. सर्वांत वाईट क्षण सगळे सांगतो. विंडोजवर लेटन्सीमॉन आणि लिनक्सवर सायक्लिकटेस्ट हा सर्वांत वाईट क्षणच मोजतात. मुद्रणाच्या वेळी वायफाय बंद ठेवणे हा साध्यातला साधा उपाय, आणि पुष्कळ यंत्रांत तेवढाच पुरतो.

मुदत चुकली की माल गेला, अशा संगणनाचे भव्य रूप आपल्याच जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. आकाशातून येणारा संकेत थांबत नाही आणि मागे नेता येत नाही. तीसही तबकड्यांचे संकेत त्याच क्षणी एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. दुर्बिणीच्या सुधारित रूपात हे काम कामानुसार रचना बदलता येणाऱ्या चिपा आणि ग्राफिक्स प्रोसेसर मिळून करतात. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, तेव्हा देशाचे लक्ष एकूण गणनशक्तीवर होते आणि ते योग्यच होते. खोडदचा प्रश्न शक्तीबरोबर वेळ पाळण्याचाही आहे. भोरच्या खोलीतला ध्वनिमुद्रक आकाराने कितीही लहान असला, तरी त्याचा प्रश्न खोडदच्या जातीचा आहे.

आता ती ओढाताण. विलंब कमी करण्याचा लोकप्रिय सल्ला असा असतो: प्रोसेसर सतत पूर्ण गतीवर ठेवा, गाभ्यांची झोप बंद करा. यामागे तर्क आहे. रिकामा गाभा टप्प्याटप्प्याने गाढ झोपतो, या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात, आणि गाढ झोपेतून उठायला त्याला शंभर मायक्रोसेकंद किंवा अधिक लागू शकतात. पण शंभर मायक्रोसेकंद म्हणजे ०.१ मिलिसेकंद. ५.३ मिलिसेकंदांच्या मुदतीत ते खपून जातात. उलट सगळे गाभे जागे ठेवले की रिकाम्या गाभ्यांचीही उष्णता साचते, राबणाऱ्या गाभ्याच्या वाट्याचे वॅट कमी होतात, चाळीस अंशांच्या खोलीत चिप शंभर अंशांच्या आसपासच्या आपल्या सीमेला भिडते आणि गती एकदम कोसळते. त्या कोसळण्याने होणारी अडखळण गाढ झोपेतून उठण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी मोठी असते. ३२ किंवा ६४ नमुन्यांच्या गठ्ठ्यावर काम करणाऱ्याने उथळ झोपेपुरती परवानगी ठेवून पाहावे. बाकीच्यांनी सी-स्टेटला हात लावू नये. या बाबतीत माझे मत लेखकांपेक्षाही कडक आहे: उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

गतीच्या चढउताराचे मात्र खरे दुखणे होते, आणि ते हळूहळू बरे होत आले आहे. लिनक्समध्ये २००४ साली इंटेलचे वेंकटेश पल्लिपडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘ऑनडिमांड’ हा गती-नियंत्रक आला. ठरावीक अंतराने तो प्रोसेसर किती गुंतला आहे ते पाही आणि त्याप्रमाणे गती ठरवी. दोन पाहण्यांच्या मधल्या काळात आलेले तातडीचे काम संथ गतीवरच सुरू होई. २०१६ मध्ये ‘शेडयूटिल’ आला. कोणते काम केव्हा चालवायचे हे ठरवणाऱ्या भागाकडूनच तो माहिती घेतो, त्यामुळे बातमी शिळी होण्याआधी निर्णय होतो. त्याच्या वर्षभर आधी, २०१५ मध्ये, इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून हा निर्णय चिप स्वतःच घेऊ लागली होती. आणि वेळ पाळण्याच्या कामासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये करायचे मोठे फेरबदल, थॉमस ग्लायक्सनर आणि इंगो मोलनार यांच्यासारख्या माणसांनी वीसेक वर्षे चिकाटीने बाहेर सांभाळलेले, २०२४ च्या अखेरीस ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात दाखल झाले. आता ध्वनिमुद्रणासाठी लिनक्स वापरणाऱ्याला त्यासाठी वेगळी ठिगळे शोधत फिरावे लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर मन लावून काम करणाऱ्यांसाठी ही मोठी भेट आहे, आणि भोर-वेल्ह्यातल्या तरुणांनी ती घ्यावी असे मला कळकळीने वाटते.

पुस्तिकेत काही गोष्टी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. एका बटणावर यंत्र ‘बूस्ट’ करून देणारी फुकट सॉफ्टवेअरे त्यांत पहिली. ती काय बदलतात हे सांगत नाहीत, म्हणून त्यांचा परिणाम मोजता येत नाही. प्रोसेसरचा विजेचा दाब हाताने कमी करण्याचा मार्गही थोडक्यात आटोपला आहे. तो एकेकाळी उष्णतेवरचा उत्तम उपाय होता. पण २०१९ च्या डिसेंबरात ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षेतली फट उघड झाली आणि त्यानंतर बायोसच्या सुधारणांनी अनेक यंत्रांत ती वाट बंद केली. वाट उघडावी म्हणून बायोस जुन्या आवृत्तीवर नेण्याचा सल्ला फिरतो. तो घेऊ नये. या यंत्रांवरून लोकांचे आधार, सातबारा आणि बँकेचे व्यवहार होतात.

सेवा केंद्र चालवणाऱ्या वाचकांना एक स्पष्ट सांगायला हवे. फॉर्म भरताना पान उघडायला वेळ लागतो, तो बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो. विंझर किंवा मार्गासनीच्या पुढे डोंगराआड रेंज तुटते, समोरचा सर्व्हर गर्दीत असतो, आणि प्रोसेसर तोवर स्वस्थ बसलेला असतो. त्याची गती वाढवून पान लवकर उघडणार नाही. त्यांनी पहिले प्रकरण वाचावे, यंत्र स्वच्छ आणि थंड ठेवावे, बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती लावावी आणि बाकीची पाने फोटोग्राफर-ध्वनिमुद्रकांना द्यावीत.

२०२१ नंतरच्या इंटेल चिपांवरचे प्रकरण सर्वांत छोटे आहे. त्यांपैकी बहुतेकांत दोन जातींचे गाभे एकत्र असतात, काही जोरकस आणि काही काटकसरी, आणि वेळेचे बंधन असलेले काम चुकून काटकसरी गाभ्यावर पडले की जुन्या यंत्रात न दिसणारी अडखळण दिसते. अशी यंत्रे आपल्याकडच्या जुन्या बाजारात आत्ता कुठे येऊ लागली आहेत. पुढच्या आवृत्तीपर्यंत त्यांचा अनुभव साठेल.

शेवटची चार पाने वाचकाने भरायची आहेत. त्यांवर तक्ता आखलेला आहे: तारीख, खोलीचे तापमान, वीस मिनिटांनंतरची गती, चिपचे तापमान, वॅट, सर्वांत वाईट विलंब. हा तक्ता वर्षातून तीनदा भरावा, एप्रिलात, भर पावसात आणि मळणी उरकल्यावर. एप्रिलमध्ये जी गती एकसारखी टिकते, तीच यंत्राची खरी गती समजून वर्षभराची कामे घ्यावीत. मळणीनंतरचा, म्हणजे नोव्हेंबरचा आकडा त्याच खोलीत, त्याच कामावर, आधीच्या वर्षाच्या नोव्हेंबरपेक्षा खाली आला असेल तर सेटिंग बदलण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाळी उघडावी.